शून्य-शून्य, सामना चालू

विरंगुळा केंद्र,
टेबलाची खिडकीकडची बाजू

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द सवयीने लिहिलेला नाही. आठही अंगे एकदम टेकतील एवढी मोकळी जमीन या वस्तीत कुणाच्याच घरात नाही. ती फक्त केंद्रात आहे आणि तिच्यावर टेबल आहे. म्हणून आत्ता टेबलाखाली शिरून नमस्कार केला. वरून शिवणकाकूंनी विचारले, "सर, काय पडलं?" मामांना नमस्कार करतोय म्हणालो. "मग माझाही घाला त्यात," त्या म्हणाल्या. तेव्हा या नमस्कारात त्यांचाही आहे. त्या कोण ते पुढे येईल.)

तुमचे ब्लडप्रेशर आटोक्यात आहे असे धरून लिहितो. नसेल तर मामींनी हे पत्र तुमच्या हाती जेवणानंतर द्यावे आणि टपाल उशिरा आले असे सांगावे. मामींचा गुडघा काय म्हणतो? माझी प्रकृती उत्तम. वजन थोडे उतरले आहे, पण ते खेळून नव्हे, गटारात वाकून. तेही पुढे येईल.

मागच्या पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिली होती : वर्षभरात किती खेळाडू तयार केलेस? ओळीखाली रेघ मारली होती आणि रेघेने कागद फाटला होता. (फाटलेल्या जागेतून मला पलीकडच्या काकू दिसल्या.) उत्तर देतो. पण ते उत्तर समजायला आधी टेबल समजले पाहिजे, आणि टेबल समजायला वस्ती.

वस्तीला काय हवे हे विचारायला कोणी आलेच नव्हते, असे नाही. केंद्र बांधण्याआधी पालिकेची माणसे आली होती. घरोघर बसली होती. वस्तीने गटारावर झाकण मागितले. त्यावर वरच्या पातळीवर विचार झाला आणि टेबल टेनिस देण्यात आले. उद्घाटनाच्या भाषणात पाहुणे म्हणाले की गरीब माणसाला अन्नाइतकीच विरंगुळ्याचीही भूक असते. पाहुण्यांचे बूट तेव्हा दारातल्या गटाराच्या काठावर होते आणि ते एका पायावर तोल सांभाळत बोलत होते. वस्तीला तो विरंगुळा आवडला. त्यानंतर खेळाचा मार्गदर्शक म्हणून मला नेमण्यात आले. तुमच्या शब्दामुळेच, हे मी विसरलेलो नाही.

इथली घरे एका खोलीची आहेत. खोलीत पलंग मावतो किंवा टेबल. पलंगावर झोपता येते, बसता येते, खाली डबे ठेवता येतात, म्हणून लोक पलंग ठेवतात. त्यामुळे नऊ फूट लांब, पाच फूट रुंद आणि हात ठेवला तरी न डुगडुगणारी सपाट जागा बऱ्याच जणांनी इथेच पहिल्यांदा पाहिली. पहिल्या आठवड्यात लोक खेळायला आले नाहीत. ते हात फिरवायला आले. एक आजोबा गाल टेकवून पाहून गेले. मी बॅट घेऊन उभा होतो. कोणी माझ्याकडे पाहिले नाही, पाहिले ते खुर्ची हलवायच्या माणसाकडे पाहावे तसे.

मग शिवणकाकू आल्या. त्या शाळेचे गणवेश शिवतात. घरी कापड जमिनीवर अंथरून बेततात, आणि तेवढा वेळ त्यांचे यजमान पलंगावर पाय वर घेऊन बसतात. (यजमानांचे म्हणणे असे की लग्नानंतरची अर्धी वर्षे त्यांनी मांडी घालून काढली.) मध्येच कुणी दार उघडले की कापड सरकते आणि बाही वाकडी बेतली जाते. एका वर्षी पाचवीच्या वर्गात सगळ्यांचा डावा हात आखूड होता. तर काकू कापडाचा तागा काखेत मारून आल्या आणि म्हणाल्या, "सर, जरा दहा मिनिटं." मी नियम सांगितला की टेबल खेळासाठी आहे. त्या म्हणाल्या, "हो ना. तुमचे खेळाडू आले की उचलते." खेळाडू आले नाहीत. ती दहा मिनिटे अजून चालू आहेत.

काकूंच्या मागून दहावीची मुले आली, वह्या घेऊन. नेट काढावे असे सगळ्यांचे मत पडले, पण नेट ताणलेले असणे हा माझ्या नोकरीचा पुरावा आहे, तेव्हा मी अडून बसलो. त्यामुळे टेबलाचे दोन भाग राहिले. दाराकडच्या बाजूला कापड, खिडकीकडच्या बाजूला अभ्यास. कात्रीचा आवाज थांबला की मुले वर बघतात आणि मुले कुजबुजली की कात्री वाजते. तुम्ही विचाराल, यात खेळ कुठे आहे. मीही हेच विचारत होतो.

याच टेबलावर दर सुट्टीच्या सकाळी दोन भाऊ भांडायला येतात. थोरला नळदुरुस्ती करतो, धाकटा वायरमन. आईवडिलांच्या माघारी एक खोली दोघांत आली, तिच्यात मधोमध प्लायवूडची फळी उभी केली आहे. फळी आपल्या बाजूला चार बोटे सरकली आहे, असे थोरल्याचे म्हणणे. धाकट्याचेही तेच. एकच फळी दोन्हीकडे एकदम कशी सरकते हे भूमितीला सांगता येणार नाही, भाऊबंदकीला येते. दोघेही बिनलग्नाचे. (अर्ध्या खोलीत कोण मुलगी देणार? आणि त्या अर्ध्यातही चार बोटांचा वाद.) घरात भांडले तर फळी हलते आणि नवा मुद्दा निघतो, म्हणून ते केंद्रात येतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. एकदा धाकट्याने मुद्द्याच्या भरात नेटवरून हात पलीकडे नेला. मी सवयीने ओरडलो, "फाउल!" थोरल्याने विचारले, "म्हणजे पलीकडे हात न्यायचाच नाही?" मी म्हणालो, न्यायचाच नाही, गुण जातो. तेव्हापासून त्यांची भांडणे हात मागे बांधून होतात. माझ्या प्रशिक्षणापैकी वस्तीने घेतलेली ही पहिली गोष्ट.

आता खेळाकडे येतो. पालिकेने केंद्राबरोबर सहा बॉल दिले होते. टेबल दाराच्या रेषेत आहे आणि दाराबाहेर ते गटार आहे, ज्याला झाकण मागितले होते. पुढे काही जण बॅट धरू लागले तेव्हा मी वस्तीला आधी शिकवला तो तुमचा स्मॅश. (हात मागे, कमरेतून वळण, "मार असा की परत येता कामा नये.") तो परत आला नाही. त्या आठवड्यात पाच बॉल परत आले नाहीत. मी स्वतः बाही वर करून शोधले, दोन सापडले, पण त्यांना खेळात घेणे शक्य नव्हते. सहावा बॉल काकूंनी उचलला आणि टाचण्यांच्या डबीत ठेवला. त्यानंतर वस्तीने आपला खेळ आपणच बसवला. त्याचा नियम एकच : बॉल पडला तर ज्याने मारला त्याची चूक, ज्याला घेता आला नाही त्याची नव्हे, आणि चुकला तो गटारात उतरणार. मी पुष्कळ समजावले. गुण म्हणजे काय, जिंकणे म्हणजे काय. काकू कापड बाजूला सारून माझे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, समोरच्याला घेता येईल असं वाढावं. अंगावर फेकून वाढतं का कोणी?" सर्व्हिसची ही व्याख्या तुमच्या पुस्तकात नाही. मी पाहिले.

याचा परिणाम आंतरकेंद्र स्पर्धेत दिसला. आमच्याकडून काकूंची मुलगी उतरली. समोर तलावाकाठच्या केंद्राची मुलगी होती, तिच्या दोन्ही मनगटांवर पट्टे. सामना फार लवकर संपला. अकरा-शून्य, अकरा-शून्य, अकरा-शून्य. आमची मुलगी प्रत्येक बॉल त्या मुलीच्या बॅटवर नेऊन ठेवत होती आणि ती मुलगी तो कोपऱ्यात मारत होती. पहिले काही गुण आमचीने धावत जाऊन बॉल उचलून तिला दिला, पुसून. परत येताना मी तिची समजूत काढू लागलो तर तीच मला म्हणाली, "जाऊ द्या सर, तिला नीट खेळताच येत नाही. एक बॉल माझ्या हाताशी दिला नाही तिने."

या स्पर्धेचा अहवाल वर गेला, आणि वरून साहेब आले. साहेब म्हणजे तुमचेच विद्यार्थी. अजूनही तुमचा उल्लेख आला की पोट आत घेतात. येताना टेंपो आणि दोन हमाल घेऊनच आले. सुट्टीची सकाळ होती. टेबलाच्या दाराकडच्या बाजूला काकूंचे निळे कापड पसरले होते, टोकांना भाऊ उभे होते, हात मागे. साहेबांनी मला बाजूला घेतले. (बाजूला म्हणजे दोन पावले, तेवढीच बाजू आहे.) म्हणाले, "सरांचं पत्र आलं होतं मला. भाच्याला कुठे टाकलंयस म्हणाले. आता काढलं बघ तुला." मग त्यांनी आदेश दाखवला. केंद्रात नियमित खेळ आढळत नसल्याने टेबल तलावाकाठच्या केंद्रात हलवावे. सोबत मार्गदर्शकही, वरच्या श्रेणीत. रिकाम्या जागेत पालिकेच्या मोडक्या खुर्च्या ठेवाव्यात. तलावाकाठी आधीच दोन टेबले आहेत. तिथल्या लोकांच्या घरीही टेबले आहेत, जेवायची वेगळी, लिहायची वेगळी. पण जिथे खेळ आहे तिथे साधन न्यावे असे धोरण आहे, आणि जिथे साधन नाही तिथे खेळ नसतो हे त्या धोरणाला सहज सिद्ध करता येते.

मामा, तुम्ही माझ्या भल्यासाठी पत्र लिहिलेत. मला आनंद व्हायला हवा होता. मी तो चेहऱ्यावर आणला. तो नीट बसला नसावा, कारण साहेबांनी विचारले, "दात दुखतोय का?"

साहेब मनाने वाईट नाहीत. नियमाचे माणूस आहेत, तुम्हीच घडवलेले. त्यांनी आदेश सगळ्यांसमोर शेवटपर्यंत वाचला. शेवटी एक ओळ होती : चालू सामन्यात व्यत्यय आणून साहित्य हलवू नये, सामना संपल्यावर हलवावे. (गेल्या वर्षी दुसऱ्या एका केंद्रात खेळाडूंच्या मधून बॅडमिंटनचे जाळे सोडून नेले होते. खेळाडू हवेत बॅट धरून उभे, असा फोटो पेपरात आला. तेव्हापासून ही ओळ घालतात.)

काकूंनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे सामना चालू असला तर नाही नेणार?"

"नियमच आहे तसा, काकू."

मामा, त्या टेबलावरून काकूंनी आपण होऊन कापड उचललेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. चार घड्या घालून खांद्यावर टाकले. टाचण्यांच्या डबीतून बॉल काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "अरे नळवाल्या, अरे वायरमन, उभे काय राहिलात? बॅटा घ्या. राहिलेलं भांडण बॉलनं करा."

थोरल्याने सर्व्हिस केली. धाकट्याने परतवली. थोरल्याने परतवली. मी पंचाच्या जागी जाऊन उभा राहिलो, कारण दुसरे कुठे उभे राहावे हे सुचले नाही. आणि मग, मामा, बॉल पडलाच नाही. फार उंच नाही, फार जोरात नाही. दोघे सख्खे भाऊ, एकमेकांचा हात कुठे जाणार हे लहानपणापासून पाठ, आणि चुकणाऱ्याला गटार. साहेब सुरुवातीला कौतुकाने पाहत होते. मग घड्याळाकडे पाहू लागले. मग खुर्चीवर बसले. हमाल दाराशी उभे होते ते आत आले. त्यातला एक वैतागून म्हणाला, "मारता येत नाही का रे तुला एक?" धाकटा बॉलवरची नजर न काढता म्हणाला, "मारतो की. गटारात तू शिरशील?" हमालाने गटाराकडे पाहिले आणि विषय सोडला.

साहेबांनी काकूंना विचारले, "कोण जिंकतंय?"

"कोणीच नाही, साहेब. छान चाललंय."

"मग संपणार कधी?"

"संपायला काय झालंय त्याला?"

मी अधूनमधून मोठ्याने "शून्य-शून्य" असे जाहीर करत होतो. दर वेळी हमाल टाळ्या वाजवत होते, कारण काहीतरी जाहीर होत होते. दुपारी मी विश्रांती दिली. (थोरल्याला एका ठिकाणी नळ फुटल्याचा निरोप आला होता.) बॉल टेबलावर आपटून खेळाडूने हातात झेलला आणि पंचाने विश्रांती दिली तर गुण कुणालाच जात नाही, असे मी सांगितले. हे मी त्याच क्षणी ठरवले होते. साहेबांनी आदेश परत वाचला. विश्रांती किती असावी याबद्दल त्यात काही नव्हते. टेंपो रिकामा परत गेला. साहेब जाताना एका शिपायाला ठेवून गेले. सामना संपला की त्याने फोन करायचा.

तेव्हापासून सामना चालू आहे. रोज संध्याकाळी दोघे कामावरून आले की तासभर खेळतात. उरलेला दिवस विश्रांती. विश्रांतीत टेबलावर कापड असते, वह्या असतात, आणि आत्ता हे पत्र आहे. शिपाई आधी दाराशी स्टुलावर बसायचा. आता तो मुलांना गणित सांगतो आणि काकूंचा दोरा ओवून देतो. दारावर पाटी लावली आहे : सामना चालू आहे, कृपया शांतता राखावी. तिचा उपयोग अभ्यासाला होतो. विरंगुळा म्हणाल तर संध्याकाळी सगळी वस्ती खिडक्यांतून उभी असते. बॉल इकडे गेला की माना इकडे, तिकडे गेला की तिकडे. आजोबांची धरलेली मान याने सुटली असे ते सांगतात. (केंद्राच्या वार्षिक अहवालात "आरोग्यविषयक लाभ" या मथळ्याखाली मी ते घेणार आहे.)

भाऊ खेळताना बोलू लागले आहेत. डोळे बॉलवर असल्यामुळे एकमेकांकडे बघावे लागत नाही, आणि न बघता माणूस बरा बोलतो. भांडण मात्र तेच आहे. परवा थोरला म्हणत होता, फळी चार बोटे माझ्याकडे सरकव, तुझ्या बाजूला पंखा नाही. धाकटा म्हणत होता, कशाला, तुझ्या बाजूलाच पलंग तिरका टाकावा लागतो, तूच माझ्याकडे सरकव. दोघेही हट्टाला पेटले होते. मला पंच म्हणून दोघांना समज द्यावी लागली.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर. खेळाडू दोन तयार झाले. दोघेही अपराजित आहेत. जिंकलेला मात्र एकही नाही. रेघ मारायची तर खुशाल मारावी, पण जरा हलक्या हाताने.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा आणि तुम्हाला हे पत्र.

तुमच्याच शब्दावर इथे आलेला आणि तुमच्याच दुसऱ्या शब्दाला घाबरलेला,
भाचा

ता. क. मागे मी तुमच्याकडे सहा डझन बॉल मागितले होते आणि तुम्ही ते बांधून ठेवल्याचे मामींनी कळवले होते. कृपा करून ते सोडून ठेवावेत. एकदम एवढे बॉल आले तर गटाराची भीती जाईल, आणि गटाराची भीती गेलेला माणूस जिंकायला लागतो. मग टेबल गेलेच.

आणखी ता. क. खरे म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतले होते. वर जे लिहिले ते तुम्ही वाचले नाही तरी चालेल, हे वाचावे. जाताना साहेब दारात थांबले, कपाळाला हात लावून म्हणाले, "असा सामना लांबला की संपवायचा काहीतरी नियम होता बघ. सर शिट्टी वाजवायचे. सरांनाच लिहून विचारतो." मला तो नियम माहीत आहे, मामा. तुम्हीच शिकवलेला घाईचा नियम. खेळ ठरल्या वेळेपेक्षा लांबला की लागू होतो, आणि मग समोरच्याने तेरा वेळा बॉल परतवला तर गुण त्याचा. तो लागला तर इथला सामना चहा निवायच्या आत संपेल. साहेबांचे पत्र तुमच्याकडे येईल किंवा आलेही असेल. तुम्ही जन्मात नियम मोडला नाहीत. मोडा असे मी म्हणतही नाही. वयाप्रमाणे एखादी गोष्ट आठवेनाशी होते, एवढेच म्हणतो. आणि एक आठवण करून देतो. मला तुम्ही शिकवलेत ते तुमच्या जेवणाच्या टेबलावर, मध्ये पुस्तके उभी करून. मामी ताटे हातात घेऊन दारात उभ्या राहायच्या, आणि भात निवला तरी तुम्ही म्हणायचात, "एवढा गुण होऊ दे." जेवणाचे टेबल खेळाला चालते तर खेळाचे टेबल गणवेशाला का चालू नये, हे मामींना विचारावे. मामींनी तेव्हा पालिकेकडे अर्ज केला नव्हता.

शेवटचे ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात संध्याकाळचा खेळ सुरू झाला म्हणून थांबलो, आणि थांबलो ते बरे झाले. खेळता खेळता थोरला सहज म्हणाला, "फळीच काढून टाकू या का?" धाकट्याचा हात वरच राहिला. बॉल त्याच्या कोपराजवळून गेला, टप्पा घेतला आणि दाराकडे निघाला. तो गटारात जाऊ नये म्हणून शिपायाने स्टुलावरून उडी घेतली आणि नेमका त्याच्यावर पाय दिला. आवाज झाला. सगळी वस्ती खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. एक-शून्य म्हणायचे होते. मी म्हणालो, बॉल आधी टेबलाच्या कडेवर फुटला आणि मग पडला. फुटल्या बॉलचा गुण धरत नाहीत, हा खरा नियम आहे, तुमच्याच पुस्तकातला. आधी फुटला हे मी पाहिले. (पाहिले असे मी ठरवले.) शिपायाने पायाखालचे तुकडे गोळा केले आणि म्हणाला, "बरोबर आहे, सर. आधीच फुटला होता. मीही ऐकलं." त्याने फोन केला नाही.

काढलेली फळी दारातल्या गटारावर झाकण म्हणून टाकावी असे काकूंचे मत पडले आहे आणि सगळ्यांना ते पटले आहे. सामना संपेपर्यंत तरी गटार उघडे राहू द्यावे, अशी मी विनंती केली आहे. मार्गदर्शकाला हे शोभत नाही, मला कळते.

शून्य-शून्य. बॉल येईपर्यंत खेळ थांबला आहे, म्हणजे सामना चालू आहे. शाळा उघडायला आली आहे आणि काकूंकडे गणवेशांचा ढीग आहे, तेव्हा सध्या टेबलाच्या दोन्ही बाजू त्यांना दिल्या आहेत. हे शेवटचे मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. एकच बॉल पाठवावा. घाई नाही. साध्या टपालाने.